ठसा पोराचा, मग काम पोराच्याच हातचं असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या हातापायांचे साचे काढून, सोनेरी रंग देऊन, काचेच्या चौकटीत बसवायची पद्धत आता कोल्हापुरातही रुळली आहे. साहित्याचा खोका ऑनलाइन मागवता येतो, पैसे मोजले तर घरी येऊन सगळं करून देणारेही आहेत. मी आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीत बीड, म्हणजे वितळवलेलं ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो, तो करणारा मी माणूस. साच्यातच हयात गेली, म्हणून ह्या विषयावर लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं. त्यात एक गोष्ट धोक्याची आहे, ती आधी सांगतो.

खोक्यातून जी पूड येते ती दोन प्रकारची असते. पहिली आल्जिनेटची. ती समुद्री शेवाळापासून बनते आणि दातांचे डॉक्टरही जबड्याचं माप घ्यायला वापरतात. पाण्यात कालवली की रबरासारखी होते, बाळाचा हात त्यात घालून काढायचा, काही होत नाही. दुसरी पूड प्लास्टर ऑफ पॅरिसची. ती हात काढून घेतल्यावर, त्या पोकळीत ओतायची असते. काही लोक पैसे वाचवायला फक्त प्लास्टर आणतात आणि त्यातच पोराचा हात दाबून धरतात. हे करू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं. गोळा जाड असेल तर ६० अंशांपर्यंत जातं आणि तोवर ते इतकं आवळलेलं असतं की हात निघत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीनं कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात घातला आणि तिची बहुतेक बोटं गेली. तिथं सोळा वर्षांची मुलगी होती, इथं आपण वर्षाच्या लेकराबद्दल बोलतोय. नात्यात, शेजारात कुणी असं करत असेल तर कृपा करून अडवा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

वर्षाच्या बाळाचा ठसा आईबापांनी काढावा, त्याला माझी हरकत नाही. पण पोरगं तीन-चार वर्षांचं झालं की त्याला स्वतः करता येतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्यासाठी तयार वस्तू आणायला लागतो. घरात जपून ठेवायची वस्तू पोरानं स्वतः केलेली असावी, मोठ्यानं शेजारी बसून हवं तेवढंच धरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ह्याला लागणारं सगळं सामान कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या आहे.

बेंदराचंच, म्हणजे आपल्याकडच्या बैलपोळ्याचंच घ्या. आषाढात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात मातीचे बैल मांडलेले असतात. आपण जोडी घेऊन येतो, पूजतो, गळ्यात कडबोळी अडकवतो. माझी नात ह्या वर्षी चार वर्षांची आहे. बैल आणायला गेलो तेव्हा मी कुंभाराकडून बैलांबरोबर मातीचा एक ओला गोळाही मागून घेतला. घरी आल्यावर पाटावर गोणपाट पसरलं आणि दोघं बसलो. मला बैल करता येतो. चाळीस वर्षं लाकूड तासलेल्या हाताला माती जड नाही. माझा बैल झाला, वशिंड, शिंगं, सगळं. नातीचा बैल म्हणजे पोटाखाली चार जाड पाय आणि पुढं एक गोळा. ती माझ्या बैलाकडं बघून म्हणाली, "आबा, तुमचा बैल झोपलाय. माझा वैरण खातोय." मग तिनं बोटानं माती चिमटून त्याच्या तोंडापुढं वैरण टाकली. मी तिच्या बैलाला हात लावला नाही. सुनेनं शिंगं जरा सरळ करून देऊ का विचारलं, तिलाही नको म्हटलं. पूजेत ह्या वर्षी तोच बैल पुढं होता.

ओली माती हाताशी होती म्हणून तिचा तळवाही उठवून घेतला. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी माझ्या धंद्यातलं सांगतो. माती आधी पोळपाटावर जोर लावून मळा, आत हवा राहता कामा नये. थापी सगळीकडं करंगळीएवढ्या जाडीची हवी. एकीकडं जाड, एकीकडं पातळ राहिली की वाळताना वेगवेगळी आकसते आणि चीर पडते. हेच आम्ही ओतकामात आयुष्यभर सांभाळलं. पोराला हात एकदाच आणि सरळ दाबायला सांगा, उचलतानाही सरळ वर. बोटं तिरकी निघाली की ठशाची कड फाटते. टांगायचं भोक ओल्या मातीतच काडीनं पाडा. नाव, वय आणि तारीख काडीनंच कोरा, आणि पोराला पेन्सिल धरता येत असेल तर नावाचं एक अक्षर त्यालाच कोरू द्या, उलटं आलं तरी. मग ओलसर फडक्याखाली, सावलीत, सावकाश वाळवा. उन्हात ठेवाल तर दुपारपर्यंत तडकेल. आणि ठसा हातापेक्षा लहान येणार हे धरून चाला. बिडाचा पॅटर्न आम्ही शंभर मिलीमीटरला एक मिलीमीटर मोठा करायचो, कारण थंड होताना बीड तेवढं आकसतं. माती त्याहून कितीतरी जास्त आकसते. शंभराचा तळवा वाळून, भाजून नव्वद-पंच्याण्णववर येतो.

भाजणं मात्र सोडू नका. ह्याचं कारण मी पुरात बघितलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शुक्रवार पेठेत आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि लोखंडी पेटी बुडाली. माझ्या मुलीचं सगळं बालपण त्या पेटीत होतं. पाणी ओसरल्यावर उघडली, तेव्हा चित्रांच्या वह्यांचा लगदा झाला होता, फोटो एकमेकांना चिकटले होते. तिनं लहानपणी केलेला शाडूचा गणपती चिखल होऊन तळाशी बसला होता. शाडू पाण्यात विरघळायसाठीच असतो, त्याचा काय दोष. पण त्याच पेटीत तिच्या पायाचा एक ठसा होता. कुंभारानं आपल्या मडक्यांबरोबर आव्यात, म्हणजे भट्टीत, लावून भाजून दिलेला. नळाखाली धरला, गाळ गेला आणि पाच बोटं जशीच्या तशी. भाजलेली माती पुन्हा कधी माती होत नाही. मुलीला व्हिडिओ कॉलवर तो दाखवला, तर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

म्हणून कागदाबद्दलही थोडं सांगतो, कारण लहान पोरांची बहुतेक कमाई कागदावरच असते. चित्राच्या मागं पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो आणि काही शाई ओलीनं पसरते. चित्रं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लिग्निन नावाचा भाग राहिलेला असतो, त्यानं तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही पाडतो. लॅमिनेशन मला पटत नाही. एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत काढता येत नाही. साध्या पांढऱ्या कागदांच्या मधे ठेवून, सपाट, आणि आमच्यासारखं नदीकाठी घर असेल तर वरच्या मजल्यावर ठेवा.

रंगाचंही तसंच. हाताचे ठसे उमटवायला बाजारातले रंग आणायची गरज नाही. गेरू घ्या, डिंकाच्या पाण्यात पातळ कालवा, तळव्याला लावा आणि जाड कागदावर किंवा मांजरपाटावर उठवा. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज, ऊन लागून तो उडत नाही. तुळशीवृंदावनाला आपण उगाच लावत नाही. हळदीचा ठसा दिसतो छान, पण उन्हात काही दिवसांत फिका पडतो, म्हणून जपायला गेरू आणि खेळायला हळद.

हळदीचा खेळ पोरांना फार आवडतो. हळदीचं दाट पाणी करून कागद पिवळा करायचा, वाळू द्यायचा. मग वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून काडीला कापूस गुंडाळायचा आणि त्या पाण्यानं कागदावर चित्र काढायचं. पाणी बिनरंगाचं, पण कागदावर लालसर रेघ उठते. त्यावर लिंबू फिरवलं की रेघ पुन्हा पिवळी. जुन्या बायका हळदीत चुना घालून कुंकू करायच्या, ते ह्याच गुणामुळं. पोरांच्या हातात चुना मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट. सोड्यानं तेच काम होतं. आमच्या वाड्यातल्या पोरांनी एका दुपारी एवढे कागद रंगवले की वाळत घालायला दोरी अपुरी पडली.

आमच्या घरी ह्यात सगळ्यात मोठं काम बायकोचं आहे, ते सांगितलं नाही तर मी घरात राहू शकणार नाही. दोन्ही नातवंडांची झबली, कुंच्या, बारशाच्या साडीचा जुना काठ, हे सगळं तिनं वाकळेत घातलं. कुठला तुकडा कुठं लावायचा हे नातीनं ठरवलं. निळं झबलं मधोमध का, असं तिला विचारलं तर म्हणाली, "ते दादाचं. त्याला कडंला थंडी वाजती." मग पोरीला वाकळेवर हात ठेवायला सांगून खडूनं भोवती रेघ ओढली आणि त्या रेघेवर बायकोनं लाल धावदोरा घातला. सुई पोरीच्या हाती दिली नाही, पण दोरा कुठल्या रंगाचा हे तिचंच. पुढं ती मोठी होईल तसा दरवर्षी त्या हाताबाहेर दुसरा हात, दुसऱ्या दोऱ्यानं.

एवढं लिहिलं त्याचं एक कारण शाळाही आहेत. बालवाडीतल्या पोराला गृहपाठ म्हणून थर्माकोलचं घर, मातीचा किल्ला, सजवलेली दिंडी करून आणायला सांगतात. चार वर्षांच्या पोराला ते जमणार नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग आई रात्री अकरापर्यंत कापत बसते किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणते, आणि पोरगं सकाळी दुसऱ्याची वस्तू हातात धरून शाळेत जातं. पहिला नंबर त्यालाच मिळतो. मला ह्याचा खरंच राग येतो. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ह्याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांनी स्वतः करून, अनुभवून शिकावं ही त्यांची धडपड होती. हे गाव त्यांचं आहे. परदेशी कॅमेऱ्याची वाट बघत न बसता इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांचं आहे. ज्या उद्यमनगरात नुसतं यंत्र बघून तसं दुसरं करणारे मिस्त्री मी माझ्या डोळ्यांनी बघितले, ते ह्याच गावात आहे. असल्या गावात पोरांच्या हाताला तयार वस्तू मिळाव्यात हे बरं नाही. शिक्षकांना हात जोडून विनंती आहे, वाकडं आलं तरी पोरानं केलेलंच मागा, आणि नंबर काढू नका.

कुंभार बांधवांनाही एक विनंती. आवा लावताना पोरांचे चार ठसे, दोन बैल मडक्यांच्या सांदीत बसतात, हे मी पाहिलं आहे. वाजवी पैसे घ्या, पण घ्या. नीट न वाळलेला ठसा आत फुटतो आणि शेजारचं मडकंही फोडतो ही तुमची अडचण मला कळते. म्हणून आईबापांनी ठसा पुरता वाळवून द्यावा. गालाला लावल्यावर गार लागत असेल तर आत अजून ओल आहे असं समजावं.

आणि संपादक महोदय, आपल्याकडं मागणं एवढंच की रविवारच्या पानावर पाव रकाना पोरांच्या हातच्या वस्तूंना द्यावा. वस्तूचा फोटो, पोराचं वय आणि ती करताना ते काय बोललं ते एक वाक्य. बक्षीस नको, स्पर्धा नको, पोराचा फोटोही नको. मातीच्या थापीची, ठशाची कुणाला अडचण आली तर माझा पत्ता आपल्याकडं दिला आहे, तो जरूर द्यावा. रविवारी सकाळी मी घरीच असतो. माती मी आणून ठेवीन, येताना पोराला मात्र घेऊन यायचं.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शुक्रवार पेठ, कोल्हापूर