भाच्याने दिलेला पैसा मामाचं उत्पन्न कसा?

महोदय,

घरच्यांनी दिलेला पैसा आणि कमावलेला पैसा करापुरता एकच मानावा, असं मांडणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण त्यातले 'कष्टाविना मिळालेला पैसा' हे शब्द काल दिवसभर डोक्यातून गेले नाहीत, म्हणून लिहितो आहे.

लेख वाचून वाटतं, की घरातल्या घरात दिलेला पैसा आज अगदी मोकळा आहे. तसं नाही. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. शिवाय नातेवाईक कोणाला म्हणायचं हेही कायद्याने ठरवून ठेवलं आहे. मामाने भाच्याला कितीही दिले तरी भाच्याला कर नाही. भाच्याने मामाला वर्षात 50 हजारांच्या वर दिले, की सगळीच्या सगळी रक्कम मामाचं उत्पन्न! भाच्यासाठी आईचा भाऊ नातेवाईक आहे, मामासाठी बहिणीचा मुलगा नाही. काका-पुतण्याचंही तेच. चुलत, मावस, मामे भावंडं तर दोन्हीकडून परकी.

हे मी भोगलं आहे. माझा भाचा दहावीनंतर चिपळूणहून आमच्या लालबागच्या चाळीत आला. एका खोलीत आम्ही चौघं, त्यात तो पाचवा. रात्री सगळे आडवे झाले की गॅलरीतल्या दिव्याखाली पाटावर वही ठेवून लिहीत बसायचा. पुढे माटुंग्याला व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा फीसाठी मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. बहिणीने त्याबद्दल कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

2019 च्या दिवाळीच्या सुमारास माझी बायपास ठरली. रुग्णालयाने आगाऊ रक्कम भरायला सांगितली. भाच्याला कळलं आणि त्याने त्याच दुपारी माझ्या खात्यात 5 लाख टाकले. "मामा, परत द्यायचा विषय काढायचा नाही," एवढंच फोनवर बोलला. माझी पेन्शन महिन्याला 30 हजार, एरवी एक रुपयाही कर लागत नाही. त्या वर्षी 75 हजारांच्या घरात कर भरला. सीए म्हणाले, "काका, हेच पैसे त्याने आईला पाठवले असते आणि आईने तुम्हाला, तर काहीच लागलं नसतं." मुलाने आईला दिलेलं चालतं, बहिणीने भावाला दिलेलं चालतं, मग सरळ दिलेलं का चालत नाही? ज्या पगारातून ते पैसे आले त्यावर भाच्याने आधीच कर भरला होता. यातला कष्टाविना आलेला पैसा कोणता, ते लेखकांनी मला दाखवून द्यावं.

पुढे 2021 मध्ये सरकारने कोरोनाच्या उपचारांसाठी कोणाहीकडून मिळालेली मदत करमुक्त केली. फार चांगलं केलं. मग हृदयाच्या रुग्णांनी काय घोडं मारलं होतं?

1998 मध्ये भेटींवरचा बक्षीस कर रद्द झाला, खोट्या भेटी दाखवून काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना रान मोकळं मिळालं आणि म्हणून नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेली रक्कम उत्पन्नात धरण्याची 2004 ची तरतूद आली, हे मला ठाऊक आहे. बापाने मुलाच्या नावे कोट्यवधींचा फ्लॅट केला तर प्राप्तिकर शून्य आणि आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क 200 रुपये, हेही ठाऊक आहे. असल्या व्यवहारांवर कर हवा की नको, यावर जरूर चर्चा करा. माझी ना नाही. पण पगारासारखा सरसकट कर लावला, तर फ्लॅटवाले सल्लागार गाठून वाट काढतील आणि ऑपरेशनसाठी, कॉलेजच्या फीसाठी, भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी भावाकडे हात पसरणारा सापडेल. 50 हजारांची मर्यादा 2006 पासून तीच आहे. त्या पैशांत तेव्हा काय व्हायचं आणि आज रुग्णालयात काय होतं, ते कोणाही घरात विचारा. आता 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 2025 चा नवा आला, कलमांची भाषा सोपी केली म्हणतात. नात्यांची यादी मात्र जुनीच ठेवली. तीत भाचा-पुतण्या घालायला काय हरकत होती?

आणखी एक. आपल्या अर्थविषयक पानावर रोज शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड असतात. पेन्शनरांना विवरणपत्र भरताना अडचणी येतात, त्यांची उत्तरं देणारं सदर मात्र कुठेच नाही. ते सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक
लालबाग, मुंबई