पैसेवारी पिकाची निघते, जंगलाची कोण काढणार?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी हिवाळ्यात आपल्या पेपरात पैसेवारीच्या, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं या सरकारी अंदाजाच्या, बातम्या येतात, कोणता तालुका 50 पैशांच्या आत येऊन दुष्काळी ठरला, कोणतं महसूल मंडळ सुटलं, मग टँकर, चारा, धरणातला साठा, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे. पण आम्ही किनवटकडचे, जंगलाच्या कडेला राहणारे लोक. त्याच दुष्काळात उभ्या जंगलाचं काय झालं हे कुठंच का येत नाही, हा आमचा प्रश्न आहे. झाड उभं आहे म्हणजे बरं आहे असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय.

इथल्या सॉ मिलवर बांधावरचं मालकीचं सागवान कापायला येतं. ओंडक्याच्या ताज्या कापावर थोडं पाणी मारा, वलयं एकदम साफ दिसतात. सागवान उन्हाळ्यात पानं गाळतं, वाढ बंद करतं आणि मृगाच्या पावसावर परत सुरू करतं, म्हणून वर्षाला एक वलय आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ. सालीकडून आत मोजत गेलं की चांगल्या पावसाचं वलय करंगळीच्या नखाएवढं रुंद आणि 2014, 2015 च्या जागी नुसता दोरा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, त्याच्या आधीची ही दोन वर्षं. मी पाहिलेल्या ओंडक्यात 2016 चं वलयसुद्धा बारीकच होतं, आणि 2016 ला तर आपल्याकडं नद्या भरून वाहिल्या होत्या! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच सागवानाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अंदाज काढलाय, म्हणजे हे काही सॉ मिलवरच्या गप्पांचं प्रकरण नाही.

असं का होतं ते समजून घ्यायला पाहिजे. जमिनीत ओल संपली आणि वरून ऊन पाणी ओढायलंय, अशा वेळी झाडाच्या आतल्या पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्या नळ्या कायमच्या बाद होऊ शकतात. ते टाळायला झाड पानांची छिद्रं बंद करून घेतं, पण मग अन्न बनवणंही थांबतं आणि साठवलेल्यावर दिवस काढावे लागतात. पुढं पाऊस आला तरी आधी नवीन नळ्या, नवीन मुळं करायची, साठा भरायचा, मग उरलं तर खोड जाड होणार. जगभरातल्या झाडांच्या वलयांचा एक मोठा अभ्यास 2015 साली आला, त्यात मोठ्या दुष्काळानंतर 1 ते 4 वर्षं वाढ मागंच राहते असं दिसलं. आपल्यासाठी पहिल्या चांगल्या पावसाला दुष्काळ संपतो, झाडासाठी नाही.

आणि नेमक्या याच वर्षांत वणवा जास्त घात करतो, हे मला सगळ्यात ठासून सांगायचंय. दुष्काळात गवतच कमी असतं, जळायला काही नसतं. पुढच्या वर्षी पाऊस झाला की कुसळी गवत कमरेला लागतं, फेब्रुवारीपर्यंत वाळून खडखडीत होतं आणि कोणीतरी काडी लावतो. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पानं यावीत म्हणून पेटवतात, कोणी बिडीचं थोटूक टाकतो. ती आग फार उंच नसते, लोक म्हणतात झाडं तर जळली नाहीत ना. पण डोंगर उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला पाचोळा साचतो, आग तिथं जास्त वेळ रेंगाळते आणि त्या बाजूची साल आतून शिजते. दोन पावसाळ्यांनी तिथली साल सुटते, भेग पडते, बुरशी आणि अळी आत शिरते, खोड पोकळ व्हायला लागतं. सागवानाची रोपं तर वरून जळतात, मुळापासून परत फुटतात, परत जळतात, वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच राहतात. जाळलं की गवत लवकर फुटतं हे खरं आहे, पण पहिल्या वळवाला उघड्या मुरमावरची माती ओढ्याला जाते हेही तितकंच खरं.

आता यात हवामान बदलाची भर. हवा 1 अंशानं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी झाडातून आणि जमिनीतून पाणी जास्त ओढलं जातं. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि ऑगस्ट म्हणजे सागवानाच्या वाढीचे ऐन दिवस. 2025 च्या सप्टेंबरात उलट बीड, धाराशिव, लातूरला शेतं खरवडून गेली एवढं पाणी. खडकाळ डोंगरावरच्या सालई-धावड्याला अशा एकदम पडलेल्या पावसाचा उपयोग तो किती, सगळं वाहूनच जातं. हवेत कार्बन वाढला तर झाडं जोमानं वाढतील असंही काही जण म्हणायलेत, पण मुळाला पाणीच नसेल तर पानाची छिद्रं बंद, मग तो कार्बन झाड घेणार कुठून?

2019 ला राज्यात 33 कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला, किती लावली याचे आकडे निघाले. वाढली किती, हा आकडा गावात कोणाला सांगता येत नाही. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडच्या जंगलात, थोडी झाडं निवडा, जमिनीपासून 1.37 मीटरवर, वनखातं जिथं घेर मोजतं तिथंच, रंगाचा पट्टा मारा आणि दरवर्षी मृगाच्या आधी टेपनं मोजून तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शाळेतली लेकरंसुद्धा हे करतील. आणि जिथं दुष्काळ जाहीर झाला तिथल्या जंगलाला पुढची किमान 3 वर्षं आगीसाठी जादा निधी द्या, आपोआप, वेगळा प्रस्ताव मागवायची गरज नको.

गावकऱ्यांनाही सांगणं आहे. मोहाखाली जुन्या साड्या अंथरल्या तरी फुलं गोळा होतात, तेंदूची झुडपं छाटली तरी पानं चांगली येतात. धूर दिसला की वनखात्याच्या 1926 नंबरवर लगेच फोन करा, कोणीतरी केला असेल म्हणून गप्प बसू नका. वनखात्याला विनंती एवढीच की जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेले पट्टे, फेब्रुवारीच्या आत काढून व्हायला पाहिजेत, मार्चमध्ये अर्ध जंगल जळाल्यावर नाही. त्या कामाला आणि फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारे, म्हणून गावातलीच पोरं घ्या, त्यांना रान पायाखालचं आहे, आणि त्यांची मजुरी त्याच महिन्यात खात्यावर टाका.

आपला,
एक वाचक
ता. किनवट, जि. नांदेड