जमील यांच्यासारखे प्रशिक्षक इथेही घडावेत
ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, याचा मनापासून आनंद आहे. भारताकडून खेळलेल्या या मिडफिल्डरची कारकीर्द दुखापतींनी आखडली. पण २०१७ मध्ये त्यांनी ऐझॉलला, आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेल्या संघाला, आय-लीग जिंकून दिली. ईशान्य भारतातल्या संघाचं ते पहिलंच राष्ट्रीय लीग विजेतेपद! माझ्या मते त्यांच्या खेळापेक्षाही हे काम मोठं.

आपल्या मराठवाड्यात खेळ थांबला की चांगली पोरं नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. त्यांच्यासाठी फुटबॉल प्रशिक्षक होण्याच्या ‘डी’ लायसन्सचे वर्ग नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला नियमित भरवावेत आणि शुल्क क्रीडा खात्यानं भरावं, ही कळकळीची विनंती.

– एक क्रीडाशिक्षक, परभणी