नानांचा सांधा

पारोळा,
रविवार

प्रिय विजू,

कसा शे रे भो? तीन वर्षं पत्र नाही, फोनही सणासुदीपुरता. त्याबद्दल जे बोलशील ते ऐकून घेईन. गुडघा बरा आहे, आईची साखर आटोक्यात. आता मूळ गोष्ट.

वाड्याचं काम काढलंय. मंगळवारी ओसरीतली फरशी उखडली, 1999 साली मी घातलेली. तेव्हा नाना दारात उभे राहून म्हणाले होते, "लाकूडले बी वारा लागस, पोऱ्या." मी ऐकलं नाही. खांबांचे दगडी तळखडे काँक्रीटखाली गाडले, मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला. तू भरल्या ताटावरून उठून गेलास आणि वर्षभर बोलला नाहीस. विजू, तुमचं दोघांचं बरोबर होतं. जमिनीतली ओल आधी मातीतून आपसूक उडून जायची. सिमेंटने तिची वाट बंद केली, ती भिंतीत वर चढत राहिली आणि खांबांच्या बुडात शिरली. चारांपैकी दोन खांब खालून हातभर पोकळ निघाले. बोट घातलं की भुगा. आजोबांच्याही आधीचं सातपुड्याचं सागवान, माझ्या पंचवीस वर्षांत गेलं. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

पण लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. वरचं धाबं उकरलं. खारी माती, खाली कडुलिंबाचा पाला, काटक्या, मग कड्या. साण्याजवळची, म्हणजे धाब्यातल्या झरोक्याजवळची तुळई उघडी पडली. तीच, जिच्या शेजारून तुझा पाय खाली आला होता आणि आजी चुलीपुढून ओरडली होती, "वरतून पाय उना वं माय!" (ती भाकर करपली, आणि ती तुलाच खायला लावली.) त्यानंतर नानांनी तुळईचा कुजका तुकडा काढून नवा जोडला होता ना? तो सांधा मी पहिल्यांदा जवळून पाहिला. तिरपा छेद, दोन लाकडी खुंट्या, खिळा एकही नाही. चाळीस पावसाळे गेले, पण फटीत केस शिरत नाही. वाकसाचे घाव अजून मोजता येतात. मी शिडीवरच बसून राहिलो. हे कुणाला सांगणार?

ठेकेदार म्हणतो, तुळई काढा, लोखंडी गर्डर टाका. मुक्ता आर्किटेक्ट झाल्यापासून बापाचं ऐकत नाही आणि यावेळी तेच योग्य आहे. ती म्हणते, खांबांचे कुजलेले पाय तेवढे कापायचे, नवं सागवान याच पद्धतीने जोडायचं, तळखडे पुन्हा मोकळे करायचे. गिलावा चुन्याचा. न्हाणीघर आणि नळ मातीच्या भिंतींपासून लांब, परसात नव्या खोलीत. वायरी भिंत न खोदता वरून नळीतून. धान्याच्या कोठीची तिची अभ्यासिका होणार. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर दाखवून आणलं तिला. ते 1989 साली गेले, पण घर जपलेलं आहे. तिथून आल्यावर तिने सोफ्याचं चित्र खोडलं. झोपाळ्याची बंगई जागची हलणार नाही.

घोर आहे तो सुताराचा. तिघांना दाखवलं. दोघांनी प्लायवूडचा भाव सांगितला. तिसरा चांगला माणूस, सांध्यावरून हात फिरवून म्हणाला, "हे माझ्याच्याने व्हायचं नाही." खांब टेकूंवर उभे आहेत. मृगाआधी धाब्यावर माती पडायला हवी, आणि चुन्याला घाई चालत नाही, तो हवा पीत पीत घट्ट होतो.

दहावीपर्यंत करवतीचं दुसरं टोक तुझ्या हातात असायचं. पुण्याला निघालास तेव्हा म्हणाला होतास, हा सांधा मी डोळे मिटून करीन. त्यावर मी स्टँडवर सगळ्यांसमोर जे बोललो, ते मला आठवतं. ते मी मागे घेतो. तेव्हाच घ्यायला हवं होतं.

आखाजीला ये. चार दिवस काढून ये. नानांची पेटी घेऊन ये, वाकस आणि पटाश्या तुझ्याकडेच आहेत ना? स्वतः करायचं नसेल तर त्या तिसऱ्या सुताराला शेजारी बसून सांग, तो शिकायला तयार आहे.

वहिनींची बदली झाली का? अथर्वच्या निकालाचं कळलं, त्याला माझ्याकडून शाबासकी.

ठेकेदार रोज विचारतो. तुळई मी कापू दिलेली नाही.

तुझा,
सुधा