राघूची पाठ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पायाची सूज उतरली का? प्लॅस्टर भिजू देऊ नकोस. परवा फोनवर माझा आवाज चढला, त्यानंतर झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय. रागावणार नाही असं आईला कबूल केलंय.

दादाने सांगायच्या आधीच मला शंका आली होती. तू पाठवलेला वेड्या राघूचा, त्या माश्या टिपणाऱ्या पक्ष्याचा, फोटो मी मोठा करून पाहिला. चोचीत गांधीलमाशी, डोळ्यावरची काळी पट्टी, शेपटीतून पुढे आलेली ती दोन बारीक पिसं, सगळं लख्ख. पण त्यात राघूची पाठ दिसते. बिळाच्या तोंडाशी बसलेल्या राघूची पाठ वरून दिसते, म्हणजे तू दरडीच्या अगदी कडेवर ओणवी झाली होतीस.

अगं, माती भुसभुशीत असते म्हणूनच तर त्याला ती चोचीने कोरता येते. एकेक बीळ हातभराहून खोल, आत अंडी नाहीतर पिल्लं. वर उभं राहणाऱ्याच्या पायाखाली नुसती पोकळी. तू दरडीसकट खाली आलीस, पाय मोडला, आणि शुद्धीवर राहून दादाला पहिलं काय विचारलंस तर ‘बीळ बुजलं का?’ हे ऐकलं तेव्हा मला तुझं कौतुकही वाटलं आणि डोळेही भरून आले.

छंद सोड असं मी कधी म्हटलंय का? 8 वर्षांची होतीस तू. तळ्याकाठी एका लव्हाळ्यावर चतुराचं पिल्लू पाण्यातून वर चढून बसलं होतं. त्याची पाठ उकलली आणि आतून फिकट, ओला चतुर हळूहळू बाहेर आला. पंख चुरगळलेल्या कागदासारखे. तू चिखलात पालथी पडून तासभर हलली नाहीस. माझ्या रोलमध्ये 36 फोटो, त्यातले 30 तिथेच संपले. मी आणखी पुढे सरकलो तर तू कुजबुजलीस, ‘बाबा, मागे व्हा ना, त्याच्यावर तुमची सावली पडतेय.’ मी मागे झालो. आज मी तुला तेच सांगतोय, मनू. मागे हो.

तुझ्या 500 मिलिमीटरच्या लेन्समधून जेमतेम 5 अंशांचं जग दिसतं. बाकीच्या 355 अंशांत कडा आहे, विहीर आहे, गवतातला साप आहे. किड्यांचे फोटो काढायला तू उजाडायच्या आत निघतेस. गारठलेले किडे ऊन लागेपर्यंत उडत नाहीत, पंखांवर दव असतं, हे मला पटतं. पण त्या झुंजुमुंजूत तू एकटी, गुडघाभर गवतात, सगळं लक्ष एका मिलिमीटरवर. टॉर्च नेत जा. बूट उंच घाल. कुठे जातेस ते कुणालातरी...

बघ, सुरूच झालो. माफ कर.

फक्त एवढं ऐक. राघू माशी धरून पुन्हा त्याच फांदीवर येतो, फांदीवर आपटून तिची नांगी काढतो, मग खातो. त्याच्या मागे धावावं लागत नाही. खालच्या अंगाला, दूर बसायचं, फांदीवर फोकस लावून ठेवायचा, शटर 1/2000 सेकंदावर. तो येतो. शिवाय डोळ्याच्या पातळीवरून काढलेला फोटो वरून काढलेल्यापेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. हे बाप म्हणून नाही, 36 फोटोंचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणून सांगतो.

प्लॅस्टर निघालं की तू आधी तिकडेच जाशील. जा. मला नेलंस तर मी मागे मुकाट बसेन. नाही नेलंस तरी चालेल, पण पाऊल टाकताना कॅमेरा डोळ्यावरून खाली घे. तेवढं वचन दे.

आईने तो फोटो भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तुझे
बाबा

ता. क. बिळात राघूची ये-जा चालू आहे का, ते दुरून बघून यायला दादाला सांगितलंय. कडेवर जायचं नाही, हे त्यालाही दोनदा बजावलंय. कळलं की लगेच कळवतो.