मान दुखते हे सगळ्यांनी ऐकलं, ती चुकते हे तुम्ही पाहिलंत

आदरणीय मॅडम,

मानेच्या व्यायामांनी माझं दुखणं कमी केलंत त्याबद्दल आभार आहेतच. पण हे जाहीर पत्र मुख्यतः तुम्ही केलेल्या एका चाचणीसाठी आहे.

तीन महिन्यांवर टिकली की मानदुखी जुनाट धरतात. माझी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. एक्स-रे, एमआरआय ठीकठाक. तरी झटकन मागे वळून बघितलं की नजर ठरत नसे, गर्दीत तोल गेल्यासारखं होई. ‘टेन्शन घेऊ नका’ हे इतक्यांदा ऐकलं की मी ते सांगणंच सोडून दिलं होतं. तुम्ही खोदून खोदून विचारलंत. कान, रक्तदाब यांत काही नाही ना, याची आधी खात्री करून घेतलीत.

मग डोक्याला लेझरचा छोटा दिवा बांधून मला भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर बसवलंत. डोळे मिटायचे, मान वळवायची, पुन्हा होती तिथे आणायची. मी अगदी मधोमध आले याची मला खात्री होती. डोळे उघडले तर लाल ठिपका भलतीकडेच! साधारण साडेचार अंश, म्हणजे तेवढ्या अंतरावर सुमारे ७ सेंटीमीटर, यापेक्षा जास्त चूक होत असेल तर मानेला आपल्या जागेचं भान नीट राहिलेलं नाही असं समजतात. माझा ठिपका त्याच्याही पलीकडे होता. मला तेव्हा रडूच आलं, कारण जे कुणाला पटवता येत नव्हतं ते भिंतीवर दिसत होतं.

कारणही तुम्हीच उलगडून सांगितलंत. कवटीच्या तळाशी असलेल्या बारीक स्नायूंमध्ये ताण ओळखणारे संवेदक दाटीने असतात. तिथून येणारी माहिती मेंदू डोळ्यांच्या आणि आतल्या कानाच्या माहितीशी ताडून पाहतो. जुन्या दुखण्यात ती बिघडली की मेळ बसत नाही. शिवाय मणक्यालगतचे खोल स्नायू कामात मागे पडतात आणि वरचे मोठे स्नायू त्यांचा भार उचलतात. म्हणून मान ताठरते, हळू वळते आणि वळतानाही अडखळते.

व्यायाम दिसायला किती किरकोळ! मानेखाली हवेची पिशवी, हनुवटीने हलकासा होकार, पिशवीला जोडलेल्या दाबमापकाचा काटा २० वरून २२ वर. माझ्या गळ्यावर तुमची दोन बोटं असायची. वरचा स्नायू जरा टणक झाला की लगेच ‘जोर नको’. पुढे लेझरच्या ठिपक्याने भिंतीवरची आकृती गिरवायची. ताकद वाढवण्यापेक्षा हे नेमकेपण शिकणं मला फार अवघड गेलं, आणि तुम्ही कधीही घाई केली नाहीत.

दुखणं अजून अधूनमधून डोकं वर काढतं. पण आता मान जिथे थांबवायची तिथे थांबते, रस्ता ओलांडताना मी दोन्हीकडे न घाबरता बघते. माझ्यासारखं कुणी ‘मान दुखते आणि गरगरतं’ असं सांगत आलं, तर त्यांचीही ही चाचणी व्हावी, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

तुमची मनापासून ऋणी,
तुमची एक रुग्ण