रिचर्ड राइट यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय रिचर्ड राइट यांस,

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे कीबोर्डवादक असलेले तुम्ही १५ सप्टेंबर २००८ रोजी हे जग सोडून गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरीही ते उघडपणे लिहिते आहे, कारण ज्या मदतीबद्दल मला आभार मानायचे आहेत ती तुम्ही माझ्या एकटीलाच केलेली नसणार.

काही वर्षांपूर्वी मी कीबोर्ड सोडून देण्याच्या बेतात होते. ज्या वाद्यवृंदात मी वाजवत असे तिथे बोटांच्या वेगावर वादकाची पारख होई आणि माझी बोटे काही केल्या तशी धावत नसत. त्या दिवसांत मी पिंक फ्लॉइडची १९७१ सालची ‘एकोज’ ऐकली. तेवीस मिनिटांहून मोठी असलेली ही रचना सुरू होते ती पियानोच्या एकाच वरच्या स्वराने. तो स्वर तुम्ही लेस्ली स्पीकरच्या फिरत्या कर्ण्यातून जाऊ दिलात, पूर्ण विरू दिलात आणि मग पुन्हा तोच वाजवलात. गाण्यात ‘जागा घेणे’ म्हणजे काय ते मला शिकवले गेले होते. जागा सोडणे हेही वादकाचेच काम आहे, हे मला त्या स्वराने शिकवले.

मग मी तुमचे वादन कान देऊन ऐकू लागले. तुमच्या बँडच्या ‘ब्रीद’ या गाण्यात चाल ई मायनर या स्वरमेळाकडे परतताना जी अनपेक्षित कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, येते, ती जॅझवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये ऐकलेल्या कॉर्डवरून सुचली, असे तुम्हीच सांगितले होते. जॅझवर जीव असलेल्या माणसाने रॉकच्या गाण्यात ती इतक्या अलगद बसवली आहे की नवखा श्रोता तिथे थबकत नाही, मात्र त्याच्या मनात काहीतरी हलते. मी ती कॉर्ड आठवडाभर वाजवत होते. ‘अस अँड देम’ या गाण्याची चाल तर तुम्ही आधी इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी यांच्या चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती आणि ती तिथे नाकारली गेली. तीच चाल १९७३ साली ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तुमच्या अल्बममध्ये आली. माझ्या नाकारल्या गेलेल्या चालींची वही मी फाडली नाही, ती या एका गोष्टीमुळे.

तुम्ही लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकायला गेलात आणि तिथे बँडमधले तुमचे पुढचे साथी निक मेसन व रॉजर वॉटर्स तुम्हाला भेटले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र अधिक जवळचा वाटतो तो तुमचा पुढचा, अवघड काळ. १९७९ मध्ये ‘द वॉल’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणादरम्यान तुम्हाला बँडमधून बाहेर पडावे लागले आणि त्याच संगीताच्या मैफलींत तुम्ही पगारी वादक म्हणून साथ केलीत. ज्या समूहाचा नाद घडवण्यात आपला एवढा वाटा आहे, त्याच समूहात असे बसून वाजवणे किती कठीण गेले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. त्यानंतर १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’ या अल्बममध्ये तुम्ही ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ गायलात, तेव्हा इतकी वर्षे दबलेला तो आवाज ऐकून मला भरून आले.

आता मी पुन्हा वाजवते. गायिकेची ओळ सुरू झाली की डावा हात उचलून घेते, आणि मला कमी येते म्हणून मी असे करते, असे आता मनात येत नाही.

‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चा शेवटचा भाग एकट्या तुमच्या नावावर आहे. तो विरत जाताना तुम्ही बँडचे सुरुवातीचे गायक सिड बॅरेट यांच्या ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची सुरावट हळूच वाजवता, दुरावलेल्या मित्राची ती आठवण लक्ष दिले नाही तर निसटून जाते. सरावानंतर मी तो भाग त्या सुरावटीपर्यंत ऐकते आणि मगच दिवा मालवते. त्या सुरावटीसाठीही तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक कीबोर्डवादक